भोंग्यातून आलेली आई

आई,

आज दुपारी एक संगीतकार माझ्या स्टुडिओत आला होता, वयाने माझ्या निम्मा असेल. त्याला एका गाण्याच्या सुरुवातीला जत्रेतली अनाउन्समेंट हवी होती, जुन्या काळची, भोंग्यातून आल्यासारखी. मी विचारलं, भोंगा कुठून आणणार तू? त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं आणि लॅपटॉप माझ्या बाजूला वळवला. त्यात भोंगा होता. चक्क चित्रासकट, गंज चढलेला. खाली बटणं, भोंगा किती लांब, किती फाटका, मोकळ्यावर आहे की गल्लीत. त्याने क्लिक केलं आणि स्वच्छ बोलणारी बाई एका क्षणात पार नदीपलीकडे जाऊन बोलायला लागली. मला हसू फुटलं ते आवरेना. तो बिचारा विचारतोय, काही चुकलं का मॅडम? चुकलं काहीच नव्हतं. भोंगा चांगला होता. फक्त त्यात तू नव्हतीस, आणि हे त्याला कसं सांगणार. तो गेल्यापासून मनातल्या मनात तुलाच सगळं सांगत बसले आहे, तेव्हा म्हटलं लिहूनच काढू. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे साधा फोन नव्हता. त्यामुळे मी काय काम करते हेही तुला पहिल्यापासून सांगावं लागणार आहे. कंटाळलीस तरी ऐक. माझ्या वेळी तू कुठे ऐकून घेत होतीस.

आधी ती जत्रा. अंबरनाथच्या शिवमंदिराची, महाशिवरात्रीची. तुमचं महिला मंडळ स्वयंसेवकांच्या मंडपात बसायचं आणि माईक तुझ्याकडे असायचा, कारण कॉलनीत सगळ्यात स्पष्ट तू बोलतेस असं ठरलेलं होतं. घरी तू कुळगावची होतीस, 'मंग', 'बग', 'कुटं गेला मेला' असं बोलणारी. माईक हातात आला की मात्र कोण जाणे कुठून ती छापील मराठी यायची तुझ्या तोंडात. 'कृपया भाविकांनी रांगेची शिस्त पाळावी.' मी अकरा-बारा वर्षांची, मंडपाच्या कडेला उभी राहून तुझ्याकडे बघायचे आणि मला वाटायचं ही बाई आमच्या घरी भांडी घासते ह्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. आणि तुझा तो नियम. मी माईकवर असताना कोणी हाका मारायच्या नाहीत, पदर ओढायचा नाही, घर पेटलं तरी थांबायचं. आम्ही दोघी बहिणी तो पाळायचो. त्या वर्षी मात्र तो नियम तुझ्यावरच उलटला.

बाबांच्या हातातून धाकटी सुटली. चार वर्षांची होती. बाबा बांगड्यांच्या दुकानापाशी कोणाशी तरी फॅक्टरीतलं बोलत उभे राहिले आणि ही निघाली तुझ्या आवाजाच्या दिशेने. कोणा स्वयंसेवकाने तिला रडत नाही, नाव सांगत नाही म्हणून मंडपाच्या मागे भोंग्याच्या झाडाखाली नेऊन बसवलं आणि तुझ्या हातात चिठ्ठी दिली. तू मागे वळूनही न बघता ती वाचलीस. 'एक चार वर्षांची लहान मुलगी, पिवळा फ्रॉक घातलेली, स्वतःचं नाव सांगत नाही, स्वयंसेवकांच्या मंडपात आहे. तिच्या आईवडिलांनी ताबडतोब येऊन घेऊन जावे.' वाचलीस ती वाचलीस, वर स्वतःच्या मनाचं जोडलंस. 'पालकांनी आपल्या मुलांकडे लक्ष द्यावे. जत्रा म्हणजे पाळणाघर नव्हे.' थोड्या वेळाने पुन्हा वाचलीस, ह्या वेळी जास्त रागाने. धाकटी तुझ्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, गोणपाटावर बसून सगळं ऐकत होती. आई माईकवर आहे म्हटल्यावर बोलायचं नाही, म्हणून ती तिचं नावही सांगत नव्हती. तू पाणी मागायला मागे वळलीस तेव्हा ती दिसली. मी तुझा चेहरा बघितला होता. तुझ्या हातातला माईक चालूच होता आणि साऱ्या जत्रेने ऐकलं, 'अगं बया.' पुढे कितीतरी दिवस कॉलनीत कोणाचं मूल रडलं की बायका म्हणायच्या, बघा, पाळणाघर नव्हे हे. तू पण हसायचीस त्यांच्यात.

त्याच पावसाळ्यात तुला कावीळ झाली. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता एकदम नव्वदचं दशक सरत आलेलं आहे. बाबा रिटायर झालेत, दिवसभर पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसतात आणि अडलं की मला विचारत नाहीत, अडूनच राहतात. माझ्या लग्नाचा विषय नको काढूस, तो तेव्हाही कोणी काढला की मी उठून जायचे. मी उल्हासनगरला नोकरीला आहे, फर्निचर मार्केटात, एका सिंधी शेठच्या कॅसेट कंपनीत. कंपनी कसली, खाली त्याच्या भावाचं लाकडाचं गोदाम आणि वर दोन खोल्या. मी गेले होते कॅसेटची कव्हरं कॉम्प्युटरवर बनवायला, देवांची चित्रं आणि गायकांचे फोटो जुळवायला. मग शेठने गाणी ध्वनिमुद्रित करायचा कॉम्प्युटर आणला. ज्याला चालवायला ठेवला होता तो दुबईला गेला आणि शेठ म्हणाला, 'बेटा, कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर है, तू ही कर.' मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पडद्यावर आवाज दिसतो ह्याचंच इतकं नवल वाटलं की मी हो म्हणून बसले. आई, खरंच दिसतो. हिरव्या रेघेसारखा, बोललं की फुगतो, थांबलं की सपाट होतो. खाली करवत सुरू झाली की तीही दिसायची, म्हणून आमचं सगळं रेकॉर्डिंग सुतारांच्या जेवणाच्या सुट्टीत. गायक येऊन जिन्यावर बसायचे, करवत थांबली की धावत आत.

धाकटीचं लग्न ठरलं, बदलापूरच्या मुलाशी, आणि लग्नासाठी मामा मस्कतहून आला. येताना एक कॅसेट घेऊन आला. तुम्हा बहीणभावांची ती पद्धत मला आठवते, एकच कॅसेट जायची आणि यायची. तू त्यावर बोलायचीस, कोणाबरोबर तरी पाठवायचीस, मामा ऐकायचा, त्याच्यावरच स्वतःचं बोलून परत पाठवायचा. म्हणजे तुझा प्रत्येक वेळचा आवाज त्याने पुसला आणि त्याचा तू. ही एक तेवढी राहिली. जत्रेनंतरची होती. आज उत्तर देऊ, उद्या देऊ करत तो आळशी माणूस महिनोन्‌महिने बसला आणि मग तार आली. त्याच्या आळसामुळे तू राहिलीस. हे सांगताना तो रडला, आणि मला मनातून त्याच्या आळसाचे पाय धरावेसे वाटले.

मी कॅसेट उल्हासनगरला नेली, कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि धुऊन काढली. खरखर काढली, मागचा पंखा काढला, इतका स्वच्छ आवाज केला की तू बाजूला बसून बोलते आहेस. रविवारी घरी लावली. जत्रेची सगळी गोष्ट तू मामाला सांगते आहेस, हसून हसून, कुळगावच्या बोलीत, आणि मध्ये माईकवरच्या बाईची नक्कल करून ती अनाउन्समेंटही म्हणून दाखवते आहेस, पाळणाघरासकट. मी तर भिंतीला टेकून डोळे मिटले. बाबा उठून गॅलरीत गेले. आणि धाकटी अगदी सभ्यपणे, पाहुण्यांचे फोटो बघावेत तशी ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, 'छान बोलायची आई.' मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, 'ही कोण बाई आहे ते मला माहीतच नाही गं ताई.'

तिचं सगळं आयुष्य लोकांनी तिला सांगितलं होतं, तू लहान होतीस, तुला आई काय आठवणार. तिला एकच आठवत होतं, तुझा आवाज वरून यायचा. हे ती लहानपणी सांगायची तेव्हा आत्या डोळ्याला पदर लावून म्हणायची, देवाघरून गं बाळ. मोठी झाली तशी ती सांगायची बंद झाली. त्या रविवारी म्हणाली, 'जे आठवतं ते मीच बनवलेलं आहे बहुतेक. आईवाली मुलगी मी कधी नव्हतेच, तुम्ही सगळे होतात.' रडत नव्हती, ब्लाउजला हुक लावत होती. दोन आठवड्यांनी लग्न. मला वाटलं, हिला अशी रिकामी पाठवायची नाही. पण खरं सांगू, त्याच क्षणी डोक्यात दुसरंही काहीतरी वळवळलं. वरून यायचा म्हणजे कुठून? झाडावरून. भोंग्यातून. हिने तुला घरातल्यापेक्षा भोंग्यातून जास्त मन लावून ऐकलं असेल, आणि मी तर त्या आवाजातला भोंगाच धुऊन काढला होता. म्हणजे मुळात तो त्यात नव्हताच, पण तू समजतेस मला काय म्हणायचं आहे.

कॉम्प्युटरमध्ये तेव्हाही तयार करामती होत्या. 'टेलिफोन' असा एक आवाज होता, 'रेडिओ' असा एक. दोन्हींतून तू काड्यापेटीत बसून बोलल्यासारखी यायचीस. आमच्याकडे अंबरनाथचाच एक गिटारवाला वाजवायला येत असे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात असायचा, केस मानेपर्यंत. त्याच्याकडे एक लोखंडी डबा होता, पायाने दाबायचा, गिटारचा आवाज फाडायचा. तो एकदा म्हणाला, 'मॅडम, ह्या कॉम्प्युटरचा ढोलक एकदम आंघोळ करून आलाय. ह्याला जरा बाहेर फिरवून आणू.' आणि त्याने ते करून दाखवलं. कॉम्प्युटरमधला आवाज तारेने बाहेर काढायचा, डब्यातून न्यायचा, आणि डब्यातून निघालेला परत कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, दुसऱ्या रेघेवर. गेला होता तसा कधीच परत येत नाही. शेठला हे पटत नसे. 'सिस्टम में सब है, बाहर काहे को जाने का?' पण मला वेडच लागलं त्याचं. काय काय शिकले त्यात. कॉम्प्युटरचा आवाज त्या डब्याला फार जोरदार होतो, आधी पार दमात घेऊन बारीक करावा लागतो. अर्थिंग नीट नसेल तर परत येताना भुंग्यासारखी घूं घेऊन येतो. आणि जाऊन यायला वेळ लागतो म्हणून तो जरासा मागे पडतो, तो पुढे ओढून बाकीच्या वाद्यांशी जुळवावा लागतो. सुरुवातीला एक टाळी वाजवून ठेवली की जुळवायला सोपं जातं. तुझ्या वेळी काही जुळवावं लागलं नाही. तुझ्याबरोबर वाजणारं दुसरं काही नव्हतं.

फाटणं म्हणजे काय, ते तुझ्या भाषेत सांगते. पातेलं लहान आणि दूध जास्त. मशीनमध्ये मावेल त्यापेक्षा मोठा आवाज घातला की त्याचं वरचं टोक छाटलं जातं आणि तो खरखरीत, चिडका होतो. गिटारवाल्याच्या डब्याचं पातेलं मुद्दामच एवढंसं केलेलं असतं. मी तुझी अनाउन्समेंट त्यातून काढली. आई, तू राक्षसीण झालीस. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकेतली, दात विचकून पालकांना दम देणारी. गिटारवाला हसून हसून जमिनीवर बसला, मग मी कोणाचा आवाज आहे ते सांगितल्यावर कानाला हात लावून सॉरी म्हणाला. म्हणजे फाटकेपणा फाटकेपणातही फरक असतो. तुझा तो फाटका आवाज तुझ्या त्याच यंत्राचा असायला हवा होता.

जत्रेला भोंगे लावणारा तो लाऊडस्पीकरवाला अजून होता, अंबरनाथ वेस्टला. आता डीजेची मोठमोठी खोकी भाड्याने द्यायचा. भोंगे मागच्या शेडमध्ये उलटे टाकून ठेवलेले, एकात मांजर व्यालेली. त्यातल्या त्यात बरा भोंगा आणि जुना अँप्लिफायर त्याने काढून दिला. कशाला हवा विचारलं, मी म्हटलं आईसाठी. रिक्षात ठेवायला तो स्वतः आला. उल्हासनगरला गोदामात फळ्यांच्या थप्पीवर, उंचावर, तो भोंगा बांधला. वरच्या खोलीतून जिन्याने खाली लांब वायर सोडली अँप्लिफायरपर्यंत. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला माईक, तिथून वायर परत वर. सुतार जेवायला बसले, करवत थांबली, आणि मी वर जाऊन बटण दाबलं.

आलीस, पण अर्धवट. लांबून येत होतीस, पत्र्याची होतीस, सगळं बरोबर, आणि तरीही रेल्वे स्टेशनवरची बाई वाटत होतीस. सौम्य. मी अंतर बदललं, माईक फिरवला, भोंगा भिंतीकडे तोंड करून ठेवला. शेठ जिन्यात उभा राहून बघत होता, 'अदी, छा थ्यो?', ताई काय झालं, असं सिंधीत विचारायचा, आणि काही कळलं नाही की आपणच मान हलवायचा. काही दिवस जेवणाच्या सुट्ट्या ह्यातच गेल्या. घरी माझं तोंड उतरलेलं बघून बाबांनी विचारलं. तुझ्याविषयी आम्ही घरात बोलत नसू, तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव. मी नाइलाजाने सांगितलं, सगळं यंत्र तेच आहे तरी आवाज तिच्यासारखा येत नाही. बाबा शब्दकोड्यातून मान वर न काढता म्हणाले, 'ती माईक खायची.' मी म्हटलं, काय? 'खायची माईक. ओठ टेकवून बोलायची. तो लाऊडस्पीकरवाला हात जोडायचा, वहिनी, लांब धरा, मशीन रडतंय. तिचा विश्वासच नव्हता की लांबून बोललेलं त्याला ऐकू जातं.' आणि बाबा हसले, आई. तू गेल्यावर तुझ्यावरून हसलेले मी पहिल्यांदा बघितले.

मग काय, उलगडलं. मी इतके दिवस शिकलेल्या रीतीप्रमाणे आवाज दमात घेऊन अँप्लिफायरमध्ये सोडत होते, नीट, त्याला झेपेल इतका. तू कधी त्याला झेपेल इतकं बोललीसच नव्हतीस. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरमधून आवाज पार वर नेला, लाल दिवा लागला तरी नेला, आणि सोडला. वरच्या खोलीत मी हेडफोन लावून बसलेले. आधी टाळी, सवयीने ठेवलेली. मग गोदामातून तू. 'एक चार वर्षांची लहान मुलगी', आणि 'लहान'वर आवाज तडकला, आणि 'मुलगी'वर मशीन रडलं. अनाउन्समेंट संपली आणि हेडफोनमध्ये काहीतरी भलतंच ऐकू यायला लागलं, डबे सरकल्याचा, चपलांचा आवाज. शेठ धावत वर आला. 'नीचे सब लोग बच्ची ढूँढ रहे हैं.' मी जिन्यातून वाकून बघितलं. सुतार हातातली भाकरी ठेवून फळ्यांच्या मागे वाकून बघत होते. त्यांतला एक म्हातारा, त्याला मराठी फारसं येत नव्हतं, त्याने मला विचारलं, 'किसकी बच्ची है? पीला फ्राक बोला ना?' मी सांगितलं, मिल गई चाचा, कब की मिल गई. तरी तो दारापर्यंत जाऊन रस्त्यावर नजर टाकून आला. ते रेकॉर्डिंग मी तसंच ठेवलं आहे, चपलांसकट.

लग्नाच्या तीन-चार दिवस आधीची सकाळ. आपलं तेच स्वयंपाकघर, बाबांनी फरशी तेवढी बदलली आहे. धाकटी जमिनीवर बसून अक्षतांचे तांदूळ हळदीकुंकवात रंगवते आहे, हात कोपरापर्यंत पिवळे. बाबा दारातल्या खुर्चीत. मी टेपरेकॉर्डर तिच्या समोर जमिनीवरच ठेवला. काय आहे ते सांगितलं नाही, फक्त म्हटलं, ऐक. मला इतकी धाकधूक होत होती की बटण दोनदा चुकलं. ही पुन्हा सभ्यपणे छान म्हणाली तर पुढे काय करणार होते मी? माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

टाळी वाजली. तू बोलायला लागलीस. आणि धाकटीने वर बघितलं. टेपरेकॉर्डर तिच्या गुडघ्यापाशी होता, आई, आवाज खालून येत होता. ती मात्र मान मागे टाकून वर बघत होती, माळ्याच्याही वर, छताच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं. तोंड थोडं उघडं. पिवळे हात तसेच हवेत. तुझं पालकांना दम देणं झालं, मागे सुतारांच्या चपला वाजल्या, टेप खरखरत राहिली. तिने मान खाली केली नाही. मग कोणाला तरी दुरुस्त करावं तशा आवाजात म्हणाली, 'फ्रॉक पिवळा नव्हता. फ्रॉक हिरवा होता. वरून स्वेटर होता तो पिवळा. इथे टोचायचा.' आणि तिने मानेला हात लावला, हळद लागली मानेला.

आम्ही सगळ्यांनी ती गोष्ट इतकी वर्षं पिवळ्या फ्रॉकची म्हणूनच सांगितली होती. मी सांगितली, बायकांनी सांगितली, तू मामाला सांगितलीस. स्वेटर मलाही आठवत नव्हता. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, 'आत्याने विणलेला. सकाळी थंडी होती म्हणून मीच घातला होता हिला.' मग म्हणाले, 'म्हणून तुझ्या आईला कळलं नाही. तिने हिला हिरव्या फ्रॉकात बघितली होती.' धाकटी म्हणाली, 'मला आठवतंय ना बाबा?' बाबा म्हणाले, 'तुलाच आठवतंय.' मग ती रडली, भरपूर, नाक ओढत, आणि मध्येच हसत म्हणाली की आई मला केवढी ओरडत होती माईकवरून आणि मी गप्प बसले होते, शहाण्यासारखी. त्या अक्षता ओल्या झाल्या थोड्या. तशाच वाटल्या लग्नात.

मी पुष्कळ विचार केला आहे ह्यावर, तेव्हापासून. धुतलेला आवाज तुझा होता आणि फाटलेला यंत्राचा, असं कोणीही सांगेल. मग त्या मुलीने तुला यंत्रात कशी ओळखली? मला वाटतं, तू त्यात मावत नव्हतीस, तेच तिला ओळखीचं होतं. पण हे माझं आपलं वाटणं. आज त्या पोराच्या लॅपटॉपमधला भोंगा ऐकताना पुन्हा तोच प्रश्न पडला. सगळं आहे त्यात, गंज आहे, अंतर आहे. पण ओठ टेकवून बोलणारी बाई नसेल तर तो कशाने फाटणार? त्याला म्हटलं असतं, उद्या ये, खरा भोंगा आहे माझ्याकडे, माळ्यावर. लाऊडस्पीकरवाल्याने तो परत मागितलाच नाही. पण पोराचं काम झालं होतं आणि त्याला गाडी गाठायची होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागा तरी कुठे आहे. धाकटीला दाखवावं असं मधूनच वाटतं. तिची मुलगी आता कॉलेजात आहे, भोंग्यातली आजी तिला पाठ आहे. पण तिलाही दाखवणार नाही, कारण पुढचं तिला माहीत नाही. लग्नानंतर मी त्या कॅसेटच्या प्रती केल्या, धाकटीला, बाबांना, मामाला. पूर्ण कॅसेट आहे असंच सगळ्यांना वाटतं. तिच्यातला एक तुकडा मी काढून ठेवला. मामाशी बोलता बोलता तू मध्येच थांबतेस, तोंड दुसरीकडे वळवतेस आणि आत ओरडतेस, 'गॅस बंद कर गं, दूध चाललंय उतू.' एवढंच. त्यात नाव नाही, पण गॅसला हात लावायची परवानगी मलाच होती. मग टेपचं बटण दाबल्याचा टक, आणि पुन्हा तू मामाशी. माझं उत्तर त्यात नाही. ते वाक्य मी भोंग्यातून पाठवलं नाही, धुण्याआधीचंच ठेवलं, मागे पंखा आहे तसा आहे. कधीतरी दुपारी स्टुडिओत कोणी नसलं की लावते. आणि दर वेळी म्हणते, केला गं आई.